सिल्व्हियाची जुळी मुले

माझ्या एका जुन्या वहीत '८७ सिल्व्हिया' या लघुग्रहापुढे लिहिलेले आहे: 'फ्रेंच खगोललेखक कामीय फ्लामारिओं यांच्या पत्नीवरून नाव.' ही नोंद मी एका छापील माहितीवरून केली होती आणि दोन व्याख्यानांत ठासून सांगितलीही होती. ती चुकीची आहे.

सिल्व्हिया सापडला १६ मे १८६६ रोजी, मद्रासच्या वेधशाळेत. शोधणारे नॉर्मन पॉगसन. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट, हे माप सुचवणारे तेच. १८६१ मध्ये ते मद्रासला आले आणि त्याच एप्रिलात त्यांनी 'एशिया' हा लघुग्रह शोधला. तेव्हाची रीत चिकाटीची होती. ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवून आकाशाचा एकेक तुकडा तपासायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा मोजायची आणि नंतर पुन्हा मोजायची. तारा जागचा हलत नाही. सरकला, तर तो सूर्याभोवती फिरणारा कोणीतरी. कॅमेऱ्याने लघुग्रह सापडू लागले ते १८९१ पासून, म्हणजे पॉगसन मद्रासलाच वारले त्या वर्षापासून.

नावाचा उलगडा पॉगसन यांनी स्वतःच करून ठेवला आहे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात १८६६ मध्येच त्यांनी शोध कळवताना लिहिले, की हे नाव रोमन कथेतल्या रिया सिल्व्हियाचे, रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांच्या आईचे. तरीही १९५५ च्या लघुग्रहांच्या नामकोशात फ्लामारिओं यांच्या पत्नीचे नाव आले आणि तेच पुढे उतरत राहिले. फ्लामारिओं यांचे सिल्वीशी लग्न झाले १८७४ मध्ये, शोधानंतर आठ वर्षांनी. एवढी एक तारीख पाहिली असती तरी माझ्या मनात शंका आली असती. पाहिली नाही.

कक्षाही नेहमीची नाही. सूर्यापासूनचे सरासरी अंतर ३.४८ खगोलीय एकके, म्हणजे सुमारे ५२ कोटी किलोमीटर. एक फेरी साडेसहा वर्षांची. कक्षेची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी जवळजवळ ११ अंशांचा कोन करते. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात ३.२८ एककांजवळ एक मोकळी जागा आहे: तिथला लघुग्रह गुरूच्या एका फेरीत बरोबर दोन फेऱ्या करील, गुरूची ओढ त्याला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसेल आणि त्याची कक्षा बिघडेल. अशा मोकळ्या जागा डॅनिएल कर्कवूड यांनी दाखवून दिल्या त्याही १८६६ मध्येच. सिल्व्हिया या मोकळ्या जागेच्या पलीकडे, पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर फिरतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीतून त्याच्याभोवती एक उपग्रह दिसला. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २००४ मध्ये घेतलेल्या प्रतिमांत दुसरा सापडला, आणि ऑगस्ट २००५ मध्ये फ्रांक मार्शिस आणि सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. नावे अर्थातच रोम्युलस आणि रेमस. जुळ्यांच्या आईचे नाव मिळालेल्या दगडाला १३९ वर्षांनी, तेवढ्यात सूर्याभोवती एकवीस फेऱ्या झाल्यावर, जुळी मिळाली!

या उपग्रहांचा उपयोग गोष्टीपुरता नाही. रोम्युलस १,३६० किलोमीटरवरून ३.६५ दिवसांत फेरी पूर्ण करतो. अंतर आणि काळ कळला की मधल्या पिंडाचे वस्तुमान काढता येते. ते काढल्यावर सिल्व्हियाची घनता पाण्याच्या जेमतेम १.२ पट निघाली. नंतरच्या मोजणीत ती थोडी वाढली, तरी सलग खडकाच्या मानाने कमीच. म्हणजे आतून तो पोकळ्यांनी भरलेला, फुटून पुन्हा गोळा झालेला ढिगारा असावा.

मद्रासमध्येच पॉगसन यांनी १८६८ साली शोधलेल्या 'कॅमिला'लाही दोन उपग्रह आहेत, एक २००१ चा, दुसरा २०१६ चा. तिच्या नावापुढे माझ्या वहीत अजून काही लिहिलेले नाही.