सेरिझावाचे मरण

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील अमेरिकन हायड्रोजन बाँबची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यावरील बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा ‘गोजिरा’ झळकला. बाँबच्या स्फोटांनी डिवचलेल्या या महाकाय प्राण्यास शास्त्रज्ञ सेरिझावा स्वतःच्या शोधाने, पाण्यातील प्राणवायू नष्ट करून, मारतो. तत्पूर्वी तो आपले कागद जाळतो आणि स्वतःही समुद्रातून वर येत नाही. कागद जळाल्यावर मरावयाचे कारण काय, असा आक्षेप घेतला जातो. फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस तो पटणार नाही. कागद जातो, टिपण लिहिणाऱ्याच्या डोक्यातला मजकूर राहतो; तो सत्ताधारी वदवून घेतील, हीच सेरिझावाची भीती होती. मला खटकते ते निराळेच. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत बाँबविषयीचे बरेच संवाद गाळण्यात आले, आणि तेथे ही भीती निराधार भासू लागते.