सातबारा, गाव नमुना आणि गूगल

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सरकारी दप्तरात त्या कागदाचं नाव 'गाव नमुना सात' आणि 'गाव नमुना बारा'. गावात त्याला सगळे सातबारा म्हणतात, कोणी नुसतंच 'उतारा'. मोबाईलवर शोधताना एक जण मराठीत 'सातबारा' लिहितो, दुसरा इंग्रजी अक्षरांत, तिसरा ७/१२ असे आकडे टाकतो. गंमत म्हणजे ही मधली तिरकी रेघ वेब पत्त्यात तशीच घालता येत नाही, कारण तिथं तिचा अर्थ 'आता पुढचा कप्पा' असा होतो. कागद एक आणि त्याला शोधायचे शब्द पाच-सहा. यातला कोणता शब्द पानाच्या शीर्षकात घ्यायचा, कोणता पत्त्यात, हा प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो. मला तो तुमच्या-आमच्या कामाचा वाटतो. सरकारनं आणि आमच्या वर्तमानपत्रांनी तो फार उशिरा मनावर घेतला. ज्यांनी आधी घेतला, त्यात लोकांच्या खिशावर डोळा असलेले बरेच होते. हे कसं घडत आलं, ते जरा मुळापासून सांगतो.

सुरुवातीला इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला नुसता आकड्यांचा पत्ता असे. कोणत्या आकड्याला काय नाव, याची एकच यादी अमेरिकेत ठेवलेली होती. यंत्रं वाढली तशी ती यादी आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची पद्धत आखली, आणि मार्च १९८५ मध्ये पहिलं 'डॉट कॉम' नाव नोंदलं गेलं. पुढची दहा वर्षं नाव नोंदवायला पैसाच लागत नव्हता. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी शंभर डॉलर असा दर बसला. तरी तो काहीच नव्हता. हायवे जाहीर व्हायच्या आधी कडेची जमीन घेऊन ठेवणारे आपल्याकडे असतात ना, तसे लोक तिकडे नावं घेऊन बसले. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला गेलं. 'इन्शुरन्स डॉट कॉम' २०१० मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या वर.

एका शब्दाला एवढे पैसे का? कारण विमा शोधणारा माणूस तोच शब्द टाइप करतो. मालाचं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव एकच असलं की गिऱ्हाईक आपसूक दारात येतं.

शोधायच्या साधनांचंही असंच. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं याहू म्हणजे माणसांनी हातानं लावलेली यादी होती. यादी वर्णक्रमानं, मग वर येण्यासाठी लोक नावाच्या आधी 'ए' अक्षर लावायला लागले. टेलिफोन डिरेक्टरीतली जुनीच युक्ती. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आलं. ते यंत्रच पानं वाचत सुटायचं. पानात न दिसणाऱ्या जागी 'कीवर्ड' लिहायची सोय त्या काळात रूढ झाली: हे पान कशाबद्दल आहे ते मालकानंच सांगायचं. मालकाला विचारल्यावर तो काय सांगणार? आंबेवाला माझाच हापूस म्हणणार. पान गाडीच्या टायरचं आणि कीवर्डमध्ये नटनट्यांची नावं, असा धुमाकूळ सुरू झाला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचीही चाल होती.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ही दिशा फिरवली. मालक स्वतःबद्दल काय म्हणतो यापेक्षा इतर लोक त्याच्याकडे बोट दाखवताना कोणता शब्द वापरतात, हे गूगलनं मोजायला घेतलं. कल्पना अस्सल गावातली आहे. वैद्याच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा एसटी स्टँडवर चार जण कोणाकडे पाठवतात ते खरं. अर्थात यातही लबाडी झालीच. २००३ मध्ये बऱ्याच लोकांनी ठरवून 'सपशेल अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांना अध्यक्ष बुश यांच्या परिचयाचं पान जोडलं, आणि ते शब्द शोधले की गूगलवर बुशसाहेब सर्वांत वर यायला लागले. हे दुरुस्त व्हायला २००७ उजाडलं. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलनं उघड सांगितलं की लपवलेले कीवर्ड आम्ही क्रमवारीसाठी धरतच नाही. (तरी 'तुमची साइट पहिल्या पानावर आणतो' म्हणत तेच भरून देणारे अजून भेटतात, सावध राहा.) सप्टेंबर २०१२ मध्ये पत्त्यांची पाळी आली. पाटी झकास पण दुकान रिकामं, अशा साइट खाली ढकलायला सुरुवात झाली.

म्हणजे या तीस वर्षांत लबाडीच्या एकेक वाटा बंद होत गेल्या. एक गोष्ट मात्र कधीच बदलली नाही. लोक जो शब्द वापरतात तो पानात ठळक नसेल, तर यंत्राला ते पान त्या माणसापुढे आणणं जड जातं.

आता मराठीकडे या. जगात ही शर्यत चालली होती तेव्हा आपण मैदानातच नव्हतो. १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरी त्यात होती, पण आमची छापखान्याची दुनिया वेगवेगळ्या फॉन्टांवर चालायची. प्रत्येक कंपनीची आतली मांडणी वेगळी. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'भारत' पडद्यावर भारत दिसतो, पण यंत्राच्या पोटात तो 'एच-के-के-जे-आर' अशा इंग्रजी अक्षरांत साठतो. तो फॉन्ट काढून टाका, शब्द गेला. दैनिकांच्या सुरुवातीच्या साइट आठवतात? आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. माणसाला वाचता यायची, शोधयंत्राला ती बातमी म्हणजे नुसती अक्षरांची भेळ. त्या काळात 'दुष्काळ' शोधला असता तर दुष्काळावरच्या असंख्य मराठी बातम्यांपैकी एकही हाती लागली नसती. त्यातलं किती नंतर युनिकोडमध्ये आणलं गेलं आणि किती जुन्या सीडींवर धूळ खात गेलं, ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, युनिकोडमध्ये. पुढच्या काही वर्षांत हौशी लिहिणारे युनिकोडमध्ये आले आणि गूगलला मराठी वाचायला मिळालं. हे काम आधी केलं ते हौशी लोकांनी, आम्ही पगारी पत्रकार मागून आलो. मान्य करायला हरकत नाही.

पत्त्याचं दुखणं तरीही राहिलं. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' आलं, म्हणजे नाव आणि शेपूट दोन्ही देवनागरीत ठेवता येतात. पण आत यंत्रासाठी त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर करावंच लागतं. पत्त्याच्या पुढच्या भागात तर देवनागरीचं एकेक अक्षर, काना आणि हलन्तसुद्धा, नऊ-नऊ चिन्हांचं होतं. 'महाराष्ट्र' या एका शब्दाची व्हॉट्सअॅपवर चिकटवताना नव्वद चिन्हं होऊ शकतात. असली लिंक पाहिली की लोकांना व्हायरस वाटतो. म्हणून बहुतेकांनी पत्ते रोमनमध्ये ठेवले, आणि तिथं स्पेलिंगचा गोंधळ: लाडकी, लाडाकी, बहिण, बहीण. त्यात गावांची नावं बदलली. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नवी नावं २०२३ मध्ये आली, अहमदनगरचं २०२४ मध्ये. नामांतर बरोबर की चूक हा वाद इथं नको. पण नव्या नावानं शोधणाऱ्या पोराला जुन्या नावाखालचा मजकूर सहज सापडावा, ही सोय कोणी तरी करायला हवी होती. पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी पाटी लावली नाही, की जुनी लिंक मेली.

सरकारी संकेतस्थळांवर तर वेगळाच कारभार. शासन निर्णयाला तारखेपासून सुरू होणारा १८ आकड्यांचा संकेतांक असतो आणि फाइलचं नावही तेच. दप्तरी शिस्त म्हणून उत्तम. पण १८ आकडे कोण शोधतं? लोक 'विहिरीचं अनुदान' शोधतात, आणि निर्णयाचं शीर्षक असतं चार ओळींचं, 'बाबत' नं संपणारं. ही मोकळी जागा भरून काढली ती खासगी साइटवाल्यांनी. त्यात काही चांगले आहेत, मेहनतीनं सोप्या मराठीत समजावून सांगणारे. बाकीचे जाहिरातीवर बोट पडावं म्हणून बसलेले.

२०२४ ची लाडकी बहीण योजना आठवा. लोकांच्या तोंडी 'लाडकी बहीण', सुरुवातीला अर्ज भरायच्या ॲपचं नाव मात्र 'नारीशक्ती दूत'. पुढे संकेतस्थळ आलं, त्याच्या पत्त्यातलं स्पेलिंग 'लाडाकी' असं वाचावं लागतं. आपल्याकडच्या किती बायका ते तसं टाइप करतील? योजनेचं नाव ठरवताना एवढा विचार होतो; त्याच बैठकीत पत्ताही ठरवायला दहा मिनिटं लागली असती. नावासारखी नावं घेऊन कोणीही दुकान थाटू शकतं, आणि फॉर्मच्या नावाखाली आधार आणि बँकेचे तपशील मागू शकतं.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे. लिंक उघडली की पत्ता डावीकडून वाचू नका, तिथं कोणीही 'लाडकी', 'सातबारा', 'महाराष्ट्र' लिहू शकतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. राज्य सरकारची असेल तर तिथं साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' असतं. सातबाऱ्याची सरकारी साइट 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' वर संपते. हे घरातल्या आयाबहिणींना एकदा मोबाईल हातात घेऊन दाखवा. आणि तलाठी कार्यालयाच्या दारावर हा पत्ता मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत कोणी मांडणार असेल, तर मला कळवा. बातमी मी करतो.