रेघेची जाडी कोण ठरवतं? प्लॉट स्टाइलची कहाणी

नाशिकमध्ये ‘प्लॉट’ म्हटलं की गंगापूर रोडची किंवा पाथर्डी फाट्याची जमीन डोळ्यांपुढे येते. आजचा प्लॉट वेगळा आहे. संगणकावर काढलेला नकाशा कागदावर उतरवणं याला ऑटोकॅडमध्ये प्लॉट करणं म्हणतात. कुठली रेघ किती जाड आणि कोणत्या रंगात उतरवायची, याच्या नियमांना म्हणतात प्लॉट स्टाइल. हे काम शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो. स्क्रीनवर लाल काढलेली रेघ कागदावर काळी आणि बारीक का येते? रंगाचा आणि जाडीचा संबंध काय? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात हाताच्या ड्रॉइंगपासून करू. आपल्या शहराला या कामाची मोठी परंपरा आहे. दिंडोरी रोडला मेरी आहे, मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. धरणांच्या संकल्पचित्रांचं काम तिथे चालतं. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. १९६०च्या दशकात पूर्ण झालेलं गंगापूर धरण घ्या. त्या काळी संगणकावर नकाशा काढायची सोयच नव्हती. ड्राफ्ट्समन, सरकारी भाषेत आरेखक, ट्रेसिंगवर शाईने रेघ ओढायचा. कापलेली भिंत जाड, पलीकडे दिसणारी कड मध्यम, मापाची रेघ बारीक. रेघ चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची. नकाशांच्या प्रती लागल्या की त्याच ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायच्या. आता यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. जाडीचा निर्णय रेघ ओढतानाच व्हायचा आणि तो कागदावरच राहायचा. ट्रेसिंग मुंबईला न्या नाहीतर मालेगावला, जाडी तिच्याबरोबर जायची.

या जाड्याही मनाला येतील तशा नव्हत्या. आंतरराष्ट्रीय मानकात ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर अशी मालिका आहे. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी. का बरं? कारण ए-मालिकेच्या कागदाचंही गणित तेच आहे. ए२चा नकाशा मोठा करून ए१वर घेतला की लांबी आणि रुंदी १.४ पट होते. त्याबरोबर ०.३५ची रेघ आपोआप ०.५ची होते, आणि मोठ्या नकाशावर दुरुस्ती करायला नेमक्या त्याच जाडीचं पेन हाताशी असतं. पेन चटकन ओळखता यावं म्हणून त्यावर रंगाची खूण असायची. ०.१८ला लाल, ०.२५ला पांढरी, ०.३५ला पिवळी, ०.५ला तपकिरी, ०.७ला निळी. रंगावरून जाडी ओळखायची सवय संगणकाच्या आधीपासूनची आहे ती अशी.

मग १९८२च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड बाजारात आलं. त्या काळचा प्लॉटर म्हणजे पेन धरलेला यांत्रिक हात. एचपीच्या १९८१ सालच्या ७५८० या मोठ्या प्लॉटरमध्ये ८ पेनं बसत, टेबलावर मावणाऱ्या ७४७५मध्ये ६. संगणकाने हुकूम द्यायचा : पेन १ घे, कागदावर टेकव, इथून तिथे जा, उचल. आता ऑटोकॅडमधल्या साध्या रेघेला तेव्हा रंग होता, अखंड की तुटक असा प्रकार होता, पण जाडी हा गुणच नव्हता. मग कुठल्या रेघेला कुठलं पेन, हे यंत्राला सांगायचं कसं? रंगाने. १ नंबरचा लाल म्हणजे पेन १, २ नंबरचा पिवळा म्हणजे पेन २, ३ नंबरचा हिरवा म्हणजे पेन ३. सगळ्या पेनांत शाई काळीच भरलेली. असा लाल रंग हा पेनाचा नंबर होऊन बसला.

१९९०च्या दशकात इंकजेट प्लॉटर आले आणि पेनं गेली. पण तोवर सगळे नकाशे, सगळे लेअर आणि माणसांचे हात रंगांवर बसलेले होते. त्यामुळे पेन गेलं तरी पेनांचा तक्ता तेवढा राहिला. १९९९ साली आलेल्या ऑटोकॅड २०००ने त्यात मोठा बदल केला. रेघेला स्वतःची जाडी देता येऊ लागली, आणि प्लॉट स्टाइलच्या दोन जाती आल्या. पहिली सीटीबी. यात २५५ रंग आणि प्रत्येक रंगाला एक नियम. नियम वाढवता येत नाही की वगळता येत नाही. दुसरी एसटीबी. यात नियमाला नाव देता येतं, समजा ‘कापलेली भिंत’ किंवा ‘माप’, आणि रंग मोकळा राहतो.

तर्काने पाहिलं तर दुसरी पद्धत सरस आहे. तरीही ऑफिसांमध्ये अजून पहिलीच जास्त दिसते. कारण नकाशा कोणत्या जातीचा, हे तो कोणत्या टेम्प्लेटवरून सुरू केला त्यावर ठरतं. नंतर जात बदलायची तर त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. आर्किटेक्टने एसटीबी घेतली आणि आरसीसी कन्सल्टंट, प्लंबिंगवाला, इलेक्ट्रिकलवाला सीटीबीवर राहिले, तर रोजच्या देवाणघेवाणीत अडचण होते. अशी सुधारणा एकट्याने करून भागत नाही.

आता बिघडतं कुठे ते बघू. सीटीबी ही स्वतंत्र फाइल असते. नकाशाच्या फाइलमध्ये तिचं फक्त नाव असतं. समजा कॅनडा कॉर्नरजवळच्या एखाद्या प्रिंटच्या दुकानात तुम्ही पेनड्राइव्हवर नुसता नकाशा नेला. त्या नावाची सीटीबी दुकानात नसेल, तर रंग जसेच्या तसे छापले जातात. काळ्या स्क्रीनवर ठसठशीत दिसणारी पिवळी मापं पांढऱ्या कागदावर जवळजवळ गायब होतात. हे निदान लगेच लक्षात येतं. दुसरा प्रकार जास्त घातक. त्याच नावाची फाइल दुकानात असते, पण आतले आकडे वेगळे असतात. ‘मोनोक्रोम’ नावाची सीटीबी ऑटोकॅडबरोबरच येते, त्यामुळे ती सगळीकडे सापडते. तुमच्या ऑफिसने त्याच नावाखाली जाड्या बदलून ठेवल्या असतील, तर दुकानातल्या मूळ फाइलला त्याचा पत्ता नसतो. प्रिंट छान काळी येते, कुणाला शंका येत नाही, आणि जिथे वेगळी जाडी दिलेली नाही तिथे सगळ्या रेघा ०.२५च्या येतात. आरसीसी ड्रॉइंगमध्ये सळई जाड आणि काँक्रीटची कड बारीक काढतात. दोन्ही सारख्याच आल्या, तर रिंग कुठली आणि बीमची कड कुठली, हे साइटवर सळई बांधणारा माणूस अंदाजाने ठरवणार. स्लॅब भरल्यावर तो अंदाज तपासता येत नाही.

महापालिकेत तर हाच लाल वेगळं बोलतो. मंजुरीचा नकाशा कसा रंगवायचा, याचा तक्ता विकास नियंत्रण नियमावलीत असतो. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या आडव्यातिडव्या रेघांनी भरलेलं, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्लॉटची हद्द जाड काळी. इथे लाल म्हणजे खरोखर लालच हवा. त्यामुळे एकाच इमारतीला दोन सीटीबी लागतात. साइटच्या नकाशांसाठी सगळं काळं करणारी, आणि मंजुरीच्या नकाशासाठी ठरावीक रंग तसेच ठेवणारी. या दोहोंची अदलाबदल झाली की मंजुरीच्या प्रतीवर प्रस्तावित काम आणि जुनं काम एकसारखं काळं दिसतं.

तर करायचं काय? चार गोष्टी सांगतो. ऑफिसच्या सीटीबीला ऑफिसचं नाव आणि साल द्या. मूळ ‘मोनोक्रोम’मध्ये काही बदलू नका. नकाशा पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा आणि त्यात सीटीबी गेली आहे ना, हे बघा. शीटच्या समासात वापरलेल्या जाड्यांच्या चार-पाच रेघा ओढून शेजारी आकडे लिहा. मग प्रिंट चुकली तर साइटवरच्या माणसालाही ते कळेल. आणि दुकानात प्रिंटसाठी पीडीएफच द्या. पीडीएफमध्ये जाडी पक्की झालेली असते, जुन्या ट्रेसिंगसारखी.

शेवटी जतनाबद्दल. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, धरण त्याहून जास्त. पुढे कुणाला दुरुस्तीसाठी नकाशा उघडायचा असेल, तर त्याला फाइल मिळेल, रंगही मिळतील. लाल म्हणजे ०.१८ की ०.५, हे सांगणारी सीटीबी मात्र आपण जपली तरच मिळेल. आरेखकाच्या हातात असलेलं शहाणपण आता त्या काही केबींच्या फाइलमध्ये आहे. तेव्हा काम संपल्यावर नकाशा, पीडीएफ आणि सीटीबी, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एवढं सांगून थांबतो.