सव्वा मुठीचा हिशेब

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, असे आम्हाला शाळेत शिकवले. पानिपतावर कोण कुठून चालून आले हे आम्ही नकाशातल्या बाणांसकट पाठ केले. पण त्याच काळात एखाद्याच्या घरी सणाला पंचवीस पाहुणे चालून आले तर ते बसले कुठे, निजले कुठे आणि त्यांना वाढले काय, याबद्दल क्रमिक पुस्तकाने चकार शब्द काढला नाही. वास्तविक राज्य सांभाळणे एक वेळ सोपे. दोन खोल्या, एक ओटा आणि तीन उश्या एवढ्या भांडवलावर पंचवीस माणसांची रात्र काढून देणे, याला खरा मुत्सद्दी लागतो.

मी पडलो बी. कॉम.; बँकेतला कारकून. माझा इतिहासाशी संबंध जुन्या लेजरपुरता. पण नरडाण्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांच्या इतिहासाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. एकीकडून सुरत-भुसावळ रेल्वे, दुसरीकडून मुंबई-आग्रा रस्ता. ज्या गावाला रेल्वेही आहे आणि हमरस्ताही आहे, त्या गावाला पाहुण्यांपासून संरक्षण देणारा कायदा अजून झालेला नाही.

आता घर सजवण्याची गोष्ट घ्या. सगळा महाराष्ट्र दिवाळीच्या आधी घर रंगवतो. पाऊस थांबलेला असतो, ऊन पडते, भिंती सुकतात. यात शहाणपण आहे. आम्हा खानदेशी लोकांचा मोठा मुहूर्त मात्र कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. म्हणजे बाहेर झड लागलेली, आत भिंतींना ओल आलेली, आणि अशा वेळी घरोघर रंगाचे डबे उघडलेले! एकदा लावलेला रंग पुढच्या कानबाईपर्यंत वाळतो, असे काही अनुभवी लोक सांगतात. तोवर पाहुण्यांनी भिंतीला टेकू नये, म्हणून यजमान जागोजाग लहान मुले उभी करतो. ती मुलेच आधी टेकतात.

या रंगाचाही एक इतिहास आहे. जुनी घरे धाब्याची. लाकडी सऱ्या, त्यावर काड्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खानदेशाचे ऊन पंचेचाळीस अंशांना टेकते तेव्हा अशा घरात जीव वाचत असे. पावसाळ्याआधी वर नवी माती चढवायची आणि तरीही कुठे गळते ते पाहुणे आल्यावर कळायचे. भिंतीला पांढऱ्या मातीचा हात, खाली शेणाचा सडा, कडेने गेरूची पट्टी. सारा माल गावातलाच, मजुरीही घरचीच.

मग चुना आला. कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतले की तो विस्तवावाचून रटरटतो. आम्ही पोरे हे दृश्य फुकटच्या सर्कशीसारखे बघत असू. त्यात नीळ घालायची, कारण नुसत्या चुन्याची पिवळट झाक निळीने मारली जाते. आणि गंमत अशी की भिंतीवर चढलेला चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. एवढा पक्का गुण असलेला हा पदार्थ आमच्या सदऱ्याच्या पाठीवर मात्र तत्परतेने उतरत असे. चुन्याच्या घरात कोण जाऊन आला हे त्याच्या पाठीवरून ओळखू येई. पाहुणचाराची पोचपावतीच ती.

पुढे डिस्टेंपर आले, ऑइलपेंट आला. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली गट्टू नावाचा मुलगा काढला. विस्कटलेले केस, हातात रंगाचा डबा. त्या पोराने चुनेवाल्यांचा धंदा बसवला. मग सिमेंटची स्लॅब आली आणि धाब्याची माती खाली उतरली. कानबाईच्या चौरंगामागे पूर्वी घरातली बरी लुगडी लावत आणि दोन बाजूंना केळीचे खांब. त्या जागी थर्माकोलचे महिरपी देव्हारे आले. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि लुगडी पुन्हा पेटीतून बाहेर निघाली. एकूण काय, आई ज्याला 'लुगडं लाव रे' म्हणते त्यालाच आता 'पारंपरिक सजावट' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

झटपट खाद्यपदार्थांचेही तसेच. मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके काही आजची नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्र'मध्ये हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने नव्या सुनांचे संसार तारले. १९६३पासून पुण्याच्या गिट्सने तयार पिठांची पाकिटे काढली. पाणी घाला आणि तळा! आमच्या सौ. अशा पाकिटावरच्या सूचना चष्मा लावून वाचतात तेव्हा आई तिकडे बघून फक्त हसते.

हसण्याला तिला अधिकार आहे. पाकिटे निघण्याच्या कितीतरी आधी खानदेशातल्या बायांनी उन्हाळ्यात बाजेवर धडपे पसरून झटपट खाद्यांचा कारखाना काढला होता. ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड, शेवया. चैत्र-वैशाखात भरलेले डबे वर्षभर पुरत. पाहुणा दारात चप्पल काढीपर्यंत बिबडा भाजून होई आणि तो पाणी पिईपर्यंत शेवयांवर दूध-साखर पडे. फरक इतकाच की पाकिटात मेहनत दुसऱ्याची असते. इथे शेजारच्या चार जणी आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशा बसत. ही मेहनतीची मुदत ठेव होती. उन्हात भरायची, पाहुणा आला की मोडायची.

गर्दी मोठी असेल तर वरण-बट्टी. गव्हाचे जाडसर पीठ, ओवा, मीठ, तेलाचे मोहन. गोळे करून वाफवायचे, कापायचे आणि तळायचे. सोबत तुरीचे वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. पोळ्यांना एकेक लाटणारी लागते, बट्टीला मात्र पातेले मोठे असले की झाले. आणि रात्री दहाची गाडी चुकलेला पाहुणा परत आला तर शेवभाजी. कांदा-खोबरे भाजून केलेल्या काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा उकळत ठेवायचा आणि दुकानातली तिखट शेव वाढतेवेळी सोडायची. आधी सोडली तर तिचा लगदा होतो. पाहुणा पंगतीला बसल्याशिवाय शेव सोडू नये आणि उठल्याशिवाय निश्वास सोडू नये.

पण कानबाईच्या दिवशी यातले काही चालत नाही. त्या दिवशी रोट. पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. आणि रोटाचा गहू मोजायचा तो किलोने नव्हे. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घ्यायचे, मूठ टाकायची, वर पाव मूठ टाकायची. पूर्वी हे जात्यावर दळत. आता गिरणीवाला त्यासाठी गिरणी धुऊन ठेवतो. तयार झालेला रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा आणि संपवायचा.

वाणिज्य शाखेच्या माणसाला इथे घाम फुटतो. १९५७ साली आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९५६च्या कायद्याने वजने-मापे बदलायची ठरली, १९५८पासून किलो-ग्रॅम येऊ लागले आणि १९६२पर्यंत शेर-मण व्यवहारातून उठले. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाची पूर्व-पश्चिम वाटणी केली, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, मापे बदलली, पण मूठ कोणत्याही सरकारच्या हाती लागली नाही. तिच्यावर शिक्का नाही, तपासणी नाही. आमच्या आजीची मूठ मोठी होती, आईची लहान आहे, आणि दोघींच्याही मुठीत घर बरोबर मावले.

अडचण निराळीच आहे. १९००च्या आसपास सुरतेहून ताप्ती व्हॅली रेल्वे खानदेशात आली. या रेल्वेने पाहुणे आणले हे खरे, पण जाताना ती घरचीच माणसे घेऊन गेली. सुरतेतल्या मागांवर आणि गिरण्यांत खानदेशातले किती हात गेले ते उधन्याच्या फलाटावर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. तिथे अहिराणी ऐकू येते. आमचे थोरले बंधू सुरतेत, पुतण्या पुण्यात, एक भाची तर जर्मनीत. आईच्या मुठी मात्र एकोणीसच्या एकोणीस! गेल्या काही वर्षांत कानबाईला जेवायला असतो आम्ही सात-आठ. उरलेल्यांचा रोट कुणी संपवायचा? अर्थात बँकेच्या कारकुनाने. सोमवारी पुरणपोळी, मंगळवारी पुरणपोळी, बुधवारी दुधात बुडवलेली पुरणपोळी. गुरुवारी काउंटरवर मी इतका गोड बोलतो की खातेदारांना संशय येतो.

एका श्रावणात मी कागद-पेन्सिल घेऊन आईपुढे बसलो. म्हटले, जे येणार नाहीत त्यांच्या मुठी वगळू. अकरा जणांचे सव्वा मुठीप्रमाणे पावणेचौदा मुठी धान्य वाचते. आईने सूप खाली ठेवले नाही. "बँकमा तू मोज, भाऊ. आठे मी मोजसू. येवो न येवो, माणूस ते घरनाच शे ना!"

मी म्हटले, पण काकांचे घर? वाटणीवरून बोलणे बंद होऊन नऊ वर्षे झाली. बांधाला बांध लागून असताना ते रामराम घेत नाहीत, आणि आपण त्यांच्या चार मुठी टाकतो!

आईने उत्तर दिले नाही. काकाचे नाव घेतले आणि मूठ टाकली.

आमच्या धंद्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कुणी फिरकले नाही की त्यातली रक्कम, २०१४च्या योजनेप्रमाणे, रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. मालक किंवा वारस पुढे आला तर त्याला ती मिळते, पण फॉर्म, ओळखपत्र, दोन फोटो आणि बरेच हेलपाटे झाल्यावर. आईला हे नियम ठाऊक नाहीत. तिच्या शाखेत खाते बंद करण्याचा फॉर्मच नाही.

दहाव्या वर्षी कानबाईच्या रविवारी, पंगत निम्मी झाली असताना, काकू एकटीच दारात येऊन उभी राहिली. काका नव्हते, मुले नव्हती. पावसात पदर भिजलेला. घरात एकदम सगळे गप्प झाले. मी हातातला घास हातातच धरून बसलो. आईने वर न बघता पाट सरकवला, ताट मांडले आणि म्हणाली, "बस. ऊनऊन शे तवर खाई ले." काकू बसली. कुणी काही विचारले नाही. धावपळ झाली नाही, पोळी कमी पडली नाही, कुणाला पाकीट आणायला दुकानात पिटाळावे लागले नाही. तिची मूठ त्या वर्षीही पडली होती. उठताना तिने भिंतीला हात टेकला. पंजाचा ठसा उमटला. आमचा रंग अर्थातच ओला होता.

त्या दिवसापासून पाव मुठीविषयी माझा एक अंदाज झाला आहे. शास्त्रात असेल नसेल, मला सव्वाचा अर्थ हिशेबाच्या बाजूने असा लागतो : मूठ आहे ती माणसाची, आणि वरची पाव आहे ती त्याच्यामागे न कळवता येणाऱ्याची. आमच्या भाषेत तरतूद. ताळेबंदात ती नसेल तर कुठलाही हिशेब तपासनीस पहिला शेरा त्याच्यावर मारतो.

काका अजून आलेले नाहीत. पण पुढच्या वर्षी काकूबरोबर धाकटा चुलतभाऊ आला आणि विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालला. वाटणीचा खटला कोर्टात चालू आहे, तो त्याच्या तारखांनी चालेल.

तेव्हा वाचकहो, सणाला घर कसे सजवावे आणि पाहुण्यांना काय करावे, याची मासिके जरूर वाचा. भिंतीला आवडेल तो रंग लावा; श्रावणात लावणार असाल तर भिंतीपासून दोन हात लांब बसा. पुरण यंत्रातून काढा की मिक्सरमधून, गिट्सची पाकिटे आणा की बिबडे भाजा, कानबाईची काही हरकत दिसत नाही. फक्त गहू मोजताना कागद-पेन्सिल जवळ ठेवू नका. आमच्याकडे यंदा वीस मुठी पडल्या. पुण्याच्या पुतण्याचे लग्न ठरले आहे. मुलगी कानबाईला येणार नाही, तिचे ऑफिस आहे. बुधवारची पोळी मी आत्तापासूनच धरून चाललो आहे.