पहाटे चारचा ग्लास

मोठ्या आतड्याची लांबी साधारण दीड मीटर. कोलोनोस्कोपीत एक लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवून डॉक्टर त्या सगळ्या लांबीचं अस्तर पडद्यावर पाहतात. पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, दिसला तर त्याच नळीतून तारेचा फास टाकून तो काढताही येतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी ही रीत रूढ करायला सुरुवात केली. तेव्हापासून नळीच्या टोकाची नजर कितीतरी तीक्ष्ण झाली, पण एक अडचण जिथल्या तिथे राहिली. आतड्यात मळ उरला असेल, तर उत्तमातला उत्तम कॅमेराही मळच दाखवतो. आणि तो काढण्याचं काम रुग्णाने आपल्या घरी, बहुधा रात्री जागून, एकट्याने करायचं असतं.

रुग्णाला या तयारीची माहिती ऑनलाइन देण्याच्या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाने, मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो, परिचारिका असो, भाषांतरकार असो की रुग्णालयासाठी व्हिडिओ बनवणारा तंत्रज्ञ, हे आधी मनात धरावं. रुग्णाच्या फोनच्या पडद्यावरची माहिती ही तपासणीच्या अलीकडची सोय वाटते, पण खरं म्हणजे तपासणी तिथेच सुरू होते. रुग्णाने काय वाचलं आणि त्यातलं काय केलं, यावर डॉक्टरांना काय दिसणार हे ठरतं.

किती साफ म्हणजे साफ, याचंही माप आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन मोजपट्टीत आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. प्रत्येक भागाला निदान दोन गुण मिळाले तर तयारी पुरेशी. एका भागात कमी पडले तर बारीक पॉलिप नजरेतून सुटू शकतो, आणि कित्येकदा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो: पुन्हा रजा, पुन्हा खर्च, पुन्हा ती रात्र. पॉलिप वेळीच काढले तर आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण घटतं, हे सिडनी विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून दाखवलं. म्हणून हा एकेक गुण महत्त्वाचा.

औषधाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण रुग्णाला ती क्वचितच कुणी सांगतं. पूर्वी दोन-तीन दिवस पातळ पदार्थांवर ठेवून एरंडेलासारखी रेचकं आणि वर एनिमा, असा प्रकार चाले. १९८० साली अमेरिकेत डेव्हिस, फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षार यांचं एक द्रावण मांडलं. त्याची खुबी अशी की ते जवळजवळ शोषलं जात नाही आणि शरीरातलं पाणीही फारसं ओढून घेत नाही. वरून ओतलं की आतडं धुऊन खालून निघतं. त्यासाठी ते पुष्कळ प्यावं लागतं, मूळ प्रमाण चार लिटरचं होतं. आपल्याकडे पुडी दोन लिटर पाण्यात मिसळून देण्याची पद्धत बरीच आहे. चव खारट आणि बुळबुळीत. फॉस्फेटचं औषध कमी प्यावं लागतं, पण त्याने काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, आणि डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याबद्दल कडक इशारा दिला.

आता तो पहाटेचा ग्लास. औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि उरलेला तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचा, ही विभागून घेण्याची पद्धत आज जगभर पहिली पसंती आहे. कारण साधं आहे. संध्याकाळी आतडं धुतलं गेलं, तरी रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली झिरपत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला लेपासारखा बसतो. पहाटेचा हप्ता तो लेप धुतो. किती पत्रकांत हे कारण लिहिलेलं असतं? नुसतं ‘पहाटे ४ वाजता १ लिटर’ एवढंच असतं. ज्याला कारण कळलं तो गजर लावून उठतो. ज्याला कळलं नाही, त्याला वाटतं की रात्री सहा वेळा जाऊन आलो, आता पुरे.

सांगण्याने फरक पडतो, याला आधार आहे. २०११ साली अमेरिकेत ब्रेनन स्पीगेल यांच्या गटाने रुग्णांच्या शंका आणि गैरसमज ऐकून एक सचित्र पुस्तिका बनवली. ती मिळालेल्यांत चांगली तयारी ६८ टक्क्यांची झाली, न मिळालेल्यांत ४६ टक्क्यांची. औषध तेच होतं. २०१४ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात तपासणीच्या आदल्या दिवशी फोन करून सूचना पुन्हा समजावल्या, तेवढ्यानेच तयारी सुधारली आणि पॉलिपही जास्त सापडले. दोन वर्षांनी तिथल्याच संशोधकांनी हे वीचॅट या ॲपवरून करून पाहिलं आणि तिथेही फायदा दिसला. ऑनलाइन शिक्षणाचं मोठं बळ मला इथे दिसतं: योग्य गोष्ट योग्य घटकेला पोचवता येते. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण तिथल्या तिथे विसरतात, असं रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये जुन्या अभ्यासांच्या आधारे लिहिलं आहे. आठवडाभर आधी दिलेला चार पानी कागद त्यापुढे काय टिकणार? त्याच कागदाचे तुकडे करून ‘आजपासून लोहाच्या गोळ्या बंद’, ‘उद्यापासून बियांचं काही नको’, असे ज्या त्या दिवशी फोनवर आले, तर ते कामाला येतात.

अमेरिकेत माहितीपत्रकाची भाषा सहावीच्या मुलाला कळेल अशी असावी अशी शिफारस आहे, आणि तिथलीच बहुतेक संकेतस्थळं ती पाळत नाहीत. २०१३ च्या सुमारास आलेल्या पेमॅट या साधनाने एक चांगली फोड केली. मजकूर कळतो का, आणि वाचून काही करता येतं का, हे वेगवेगळं तपासायचं. मराठीत काम करणाऱ्याने यातला दुसरा प्रश्न उशाशी ठेवावा.

कारण मराठी मजकूर आज मिळतो तो बहुधा इंग्रजीवरून उतरवलेला. ‘पारदर्शक द्रवपदार्थांचे सेवन करावे’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे आणि घरातल्या कुणाच्याही उपयोगाचं नाही. त्याऐवजी सांगा: ज्या ग्लासातून पलीकडच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतील तेच प्या. मग कोरा चहा चालतो, शहाळ्याचं पाणी चालतं, गाळलेलं लिंबूपाणी चालतं. दूध, ताक, पेज चालत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोकम सरबत मात्र सांगावंच लागतं, कारण ते आरपार दिसतं, पण त्याचा लाल रंग आत रक्तासारखा भासू शकतो. परदेशी यादीतली जेली आणि बर्फाची कांडी आपल्या पत्रकात कशाला हवी? आपल्याकडे टाळायचं आहे ते ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, पेरू, वांगं, तीळ, जवसाची चटणी.

आणि उपवास! ‘उपाशी राहा’ म्हटलं की आपल्या घरात आपसूक साबुदाणा भिजतो. सांगितलं ते श्रद्धेने पाळायचं म्हणून साबुदाण्याच्या खिचडीत भरपूर दाण्याचं कूट घालून खाल्लेली माणसं तपासणीला येतात. ते दाण्याचे कण आतड्याला चिकटतात, ओढून घ्यायला गेलं तर नळी तुंबते. या माणसांनी सूचना मोडलेली नसते. त्यांनी आपल्या भाषेतल्या अर्थाने ती पाळलेली असते. म्हणून पत्रकात ‘उपवासाचे पदार्थही नकोत’ असं स्पष्ट लिहायला हवं.

‘पोट साफ’ हा शब्दही असाच फसवा. रोजच्या बोलण्यात एकदा व्यवस्थित झाली की पोट साफ. इथे मात्र बाहेर येणारं पाणी लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. चार छायाचित्रं शेजारी ठेवून ‘असं दिसलं तर अजून व्हायचं आहे, असं दिसलं तर झालं’ एवढं दाखवलं, तर पानभर वर्णनाची गरज उरत नाही. संकोच वाटतो म्हणून ही चित्रं गाळू नका. ‘परवा’ मागे आणि पुढे दोन्हीकडे चालतो, म्हणून वार आणि तारीख लिहा. पहाटेचं तर विशेष जपून लिहा: बोलण्यात रात्र उजाडेपर्यंत आदल्या दिवसाचीच असते, तेव्हा ‘बुधवारी पहाटे ४’ म्हणजे मंगळवारी रात्री झोपून उठल्यावर, हे सांगायला हवं. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियांमुळे डोक्यात पक्कं बसलेलं ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ इथे कुठवर लागू आहे, तेही.

आपला रुग्णही निराळा आहे. अमेरिकेत पंचेचाळिशी गाठलेल्या निरोगी माणसाला तपासणीला बोलावतात. भारतात राष्ट्रीय कार्यक्रमातली कर्करोगाची चाळणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची आहे. कोलोनोस्कोपीला येणारा बहुधा रक्त पडतं, वजन घटतं, जुलाब थांबत नाहीत, म्हणून घाबरून आलेला असतो. त्याच्याशी उत्साही जाहिरातीच्या सुरात बोलू नये. त्याच्या घरी संडास एकच असेल, चाळीत असेल तर सामाईक. गावाहून पहाटेच्या एसटीने यायचं असेल, तर दुसरा हप्ता घेऊन गाडीत कसं बसायचं? यावर पत्रकं गप्प असतात. रुग्णालयाजवळ रात्री मुक्काम किंवा दुपारची वेळ, असा काही मार्ग आधीच बोलून ठेवता येतो, पण प्रश्न कुणी विचारला तर.

पडद्याने काय ठरवू नये, हेही लक्षात असू द्या. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, इथे व्हिडिओने एवढंच म्हणावं: तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. आणि उलट्या थांबेनात, चक्कर आली, तर रात्री दोन वाजता ज्यावर कुणीतरी बोलेल असा नंबर प्रत्येक संदेशाच्या तळाशी हवा.

या कामाला लागणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मजकूर तयार झाला की तो रुग्णाच्या घरी न्या, आणि फोन ज्याच्या हातात असेल त्याच्याकडून वाचून घ्या. बहुधा तो मुलाचा किंवा सुनेचा असतो. मग ‘समजलं का?’ असं विचारू नका, कारण ‘हो’ हेच उत्तर येतं. आदल्या दिवशी सकाळी काय शिजवाल, पहिला ग्लास किती वाजता, रात्री गजर कुणाच्या फोनवर लावाल, हे त्यांच्या तोंडून ऐका. जिथे ते अडखळतील तिथलं वाक्य बदला, आणि दुसऱ्या घरी जा.