मिथ्यास्मृती, शब्दसाहचर्यजन्य

न ऐकलेला शब्द किंवा न पाहिलेला तपशील, केवळ त्याच्या अर्थाशी जवळीक असलेल्या शब्दांच्या संगतीमुळे ‘आठवणे’, या मानसिक घटनेला शब्दसाहचर्यजन्य मिथ्यास्मृती म्हणतात. येथे फसवण्याचा हेतू नसतो. सांगणारा प्रामाणिक असतो, अनेकदा ठामही असतो आणि तरीही चुकलेला असतो. म्हणून ही घटना खोटे बोलण्याहून आणि विसरण्याहूनही वेगळी मानली जाते.

जिथे कागदापेक्षा माणसाच्या सांगण्यावर अधिक भिस्त असते, तिथे या विषयाला व्यावहारिक महत्त्व येते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनजिल्हे (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) अशा प्रदेशांपैकी आहेत. वनहक्कांचे दावे, वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांनंतरचे जबाब आणि घरोघरी होणाऱ्या आरोग्यपाहण्या यांत येथील लोकांची आठवण हाच पुराव्याचा मोठा भाग असतो.

संशोधनाचा इतिहास : एका शब्दामागून मनात दुसरा कोणता शब्द येतो, याची पद्धतशीर नोंद फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे कार्ल युंग यांनी शब्दसाहचर्य चाचणी मनोविश्लेषणासाठी वापरली. स्मृतीतील चुकांशी साहचर्याचा संबंध जोडणारा पायाभूत प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स डीज यांचा (१९५९). त्यांनी प्रत्येकी १२ शब्दांच्या ३६ याद्या ऐकवल्या. यादीत नसलेला एक ठरावीक शब्द काही याद्यांबाबत वारंवार ‘आठवला’ जातो आणि यादीतील शब्दांवरून तो मनात येण्याची शक्यता जितकी जास्त तितकी ही चूक जास्त होते, असे त्यांना आढळले. हे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९९५ मध्ये हेन्री रॉडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी ते पुन्हा हाती घेतले. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत डीआरएम म्हणून ओळखली जाते.

प्रयोगाचे स्वरूप : झाड, वाघ, पायवाट, मोह, तेंदू, बांबू, पाणवठा, हरीण, वणवा, पाचोळा, शिकार, सावली – अशी यादी संथ गतीने वाचून दाखवली आणि नंतर आठवतील ते शब्द लिहायला सांगितले, तर ‘जंगल’ हा शब्द लिहिला जाण्याचा संभव मोठा असतो. तो यादीत नाही, पण यादीतला प्रत्येक शब्द त्याच्याकडे बोट दाखवतो. अशा न उच्चारलेल्या शब्दाला आमिष-शब्द म्हणता येईल. वरील यादी केवळ उदाहरणादाखल आहे. प्रयोगासाठीच्या याद्या त्या त्या भाषकांकडून आधी साहचर्य गोळा करून बांधाव्या लागतात, कारण साहचर्य जगण्यातून येते. शहरातील विद्यार्थ्याला ‘तेंदू’वरून फारसे काही आठवणार नाही. उन्हाळ्यात पाने तोडून पुडे बांधणाऱ्या कुटुंबाला त्याच शब्दावरून संकलनाची फळी, मजुरी आणि रान एकदमच आठवते.

रॉडिगर आणि मॅकडरमॉट यांच्या पहिल्या प्रयोगात ऐकवलेल्या शब्दांपैकी सरासरी ६५ टक्के शब्द आठवले आणि आमिष-शब्द ४० टक्के वेळा आला. दुसऱ्या प्रयोगात १५ शब्दांच्या याद्या वापरल्या, तेव्हा आमिष-शब्दाचे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले. आकड्यांहून महत्त्वाची बाब म्हणजे सहभागींची खात्री. शब्द केवळ ओळखीचा वाटतो की तो ऐकल्याचा क्षण आठवतो, असे विचारले असता, कधीच न उच्चारलेल्या शब्दाबाबतही अनेकांनी क्षण आठवत असल्याचे सांगितले.

कारणमीमांसा : दोन उपपत्ती प्रमुख आहेत. पहिलीनुसार एक शब्द ऐकताच मनात त्याच्याशी जोडलेले शब्दही जागे होतात. अनेक शब्दांनी एकाच शब्दाला जागे केले की तो बाहेरून आला की आतून, याचा उगम ठरवताना मन चुकते. दुसरी उपपत्ती चार्ल्स ब्रेनर्ड आणि व्हॅलरी रेना यांची. तिच्यानुसार मन प्रत्येक अनुभवाच्या दोन नोंदी ठेवते : एक शब्दशः तपशिलाची आणि दुसरी साराची. तपशील लवकर पुसट होतो, सार टिकते. आमिष-शब्द साराशी तंतोतंत जुळतो, म्हणून तो खरा वाटतो. दोन्ही उपपत्तींचा निष्कर्ष एकच निघतो. अर्थ जोडत राहण्याच्या ज्या क्षमतेमुळे माणूस ऐकलेले समजून घेतो, तिच्यामुळेच ही चूक होते. स्मरणशक्तीचा दुबळेपणा हे तिचे कारण नव्हे.

याला पुष्टी देणारे निष्कर्ष अनपेक्षित आहेत. लहान मुले या प्रयोगात प्रौढांपेक्षा कमी फसतात, कारण शब्दांच्या अर्थांचे जाळे त्यांच्या मनात अजून पुरते विणलेले नसते. मेंदूच्या इजेमुळे स्मृतिलोप झालेल्या रुग्णांतही ही चूक कमी आढळली. उलट, आपल्या आयुष्यातील बहुतेक दिवस तपशीलवार सांगू शकणाऱ्या असामान्य स्मृतीच्या व्यक्तीही तिच्यापासून मुक्त नाहीत, असे २०१३ मध्ये दिसून आले. सहभागींना आधी सावध केल्यास चूक घटते, पण नाहीशी होत नाही. द्वैभाषिकांत ती भाषेची सीमाही ओलांडते : एका भाषेत ऐकलेल्या यादीमुळे दुसऱ्या भाषेतील आमिष-शब्द ऐकल्यासारखा वाटू शकतो.

प्रश्नातील शब्दांचा परिणाम : याद्यांच्या प्रयोगाशी निकटचे संशोधन एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचे (१९७४). मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून त्यांनी एका गटाला गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हाचा आणि दुसऱ्या गटाला ‘धडकल्या’ तेव्हाचा वेग विचारला. मूळ इंग्रजी क्रियापदांपैकी पहिले अधिक तीव्र होते. आठवड्यानंतर ‘फुटलेली काच दिसली का?’ या प्रश्नाला पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी आणि दुसऱ्यातील ५० पैकी ७ जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हती. यादी नसतानाही प्रश्नातला एकच शब्द आपल्या सोबतचे शब्द आठवणीत घेऊन येतो, हे यातून स्पष्ट झाले.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या संदर्भात : वनहक्क अधिनियम, २००६ आणि त्याखालील नियमांनी एक मोलाची गोष्ट केली : दावेदाराव्यतिरिक्त गावातील ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. इतर पारंपरिक वननिवासींना (अनुसूचित जमातींबाहेरील) मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. १९३० च्या सुमाराचे हे सांगणे बहुधा ऐकीव आठवणींवरच उभे राहते. ‘या नाल्यापलीकडे तुमची गुरे चरायची ना?’ असा प्रश्न उत्तर सुचवतो. ‘बाबा, या नाल्यापलीकडे कोण काय करायचं ते सांगा,’ असा प्रश्न आठवणीला तिच्या वाटेने येऊ देतो. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत, असे नियमच सांगतात. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि निस्ताराच्या (वनोपज वापराच्या) नोंदी कथनाच्या शेजारी ठेवल्या की कथनाचे बळ वाढते.

वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत हाच प्रश्न तातडीचा होतो. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत वाघ आणि बिबट दोन्ही वावरतात. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचताना क्षणार्धात झालेल्या हल्ल्यानंतर साक्षीदाराला प्रथमच ‘वाघ कुठून आला?’ असे विचारले, तर पुढच्या कथनात पट्टे, डरकाळी, धिप्पाड देह हे तपशील शब्दाच्या संगतीने शिरू शकतात. म्हणूनच प्राण्याची ओळख पाऊलखुणा, कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे आणि डीएनए नमुने यांनी पडताळणे आवश्यक ठरते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याचा जबाब दुभाष्यामार्फत मराठीत लिहिला जातो, तेव्हा प्रश्न दोनदा शब्दांतून जातो आणि प्रत्येक वेळी नवी संगत जोडली जाण्याची शक्यता असते.

आरोग्यक्षेत्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे (स्थापना १९८६) काम बोधप्रद आहे. घरी झालेल्या बालमृत्यूचे कारण आईवडिलांना विचारून ठरवण्याचे निकष बंग दांपत्याने १९९२ मध्ये मांडले. अशा चौकशीत रोगाचे नाव सुचवण्याऐवजी दिसलेली लक्षणे विचारणे हे सूत्र असते. घरोघरी नवजात बाळाची सेवा करण्याच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आरोग्यदूत महिला पहिल्या महिन्यात बाळाला वारंवार भेटून त्याच वेळी नोंद करीत. घटनेलगत केलेली नोंद हा आठवणीच्या भेसळीवरील सर्वांत भक्कम उपाय होय.

मर्यादा व दुरुपयोग : शब्दयादीतील चूक आणि आयुष्यातील प्रसंगाची खोटी आठवण यांची यंत्रणा सर्वस्वी एक नाही. एकीत फसणारा दुसरीत फसेलच असे नाही. त्यामुळे या प्रयोगांच्या आधारे एखाद्या पीडितेची, मुलाची किंवा निरक्षर ज्येष्ठाची साक्ष सरसकट अविश्वसनीय ठरवणे हा विज्ञानाचा दुरुपयोग आहे. शिकलेल्या माणसाची आठवणही तितकीच चुकू शकते. शिवाय सार बहुधा खरे राहते. भेसळ होते ती तपशिलात.

उपाय : १९८० च्या दशकात एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी विकसित केलेल्या मुलाखतपद्धतीत साक्षीदाराला प्रथम विनाव्यत्यय बोलू दिले जाते आणि सूचक प्रश्न टाळले जातात. १८७२ चा भारतीय पुरावा कायदाही सरतपासणीत सूचक प्रश्नांना आक्षेपानंतर, न्यायालयाची परवानगी नसल्यास, मनाई करीत असे आणि त्याची जागा घेणारा २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियमही तशीच मनाई करतो. क्षेत्रकामात याची व्यवहार्य रूपे साधी आहेत : साक्षीदारांना एकमेकांचे ऐकण्यापूर्वी वेगवेगळे विचारावे, शक्य तिथे त्यांच्याच भाषेत विचारावे, उत्तराबरोबर प्रश्नही जसाच्या तसा लिहून ठेवावा आणि ठामपणाला पुराव्याची जागा देऊ नये. जबाबात प्रश्नकर्त्याचे किती शब्द शिरले, हे नंतर तपासता आले तरच ज्याची जमीन, जंगल किंवा जिवलग पणाला लागले आहे त्याच्या आठवणीला न्याय मिळतो.