मनगटाचा अस्थिभंग

मनगटाचा अस्थिभंग म्हणजे प्रकोष्ठातील (कोपर ते मनगट या भागातील) हाडांचे मनगटाजवळील टोक किंवा मनगटातील लहान हाडे मोडणे. तोल जाऊन पडताना माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे टेकतो व शरीराचा भार तळहातावर येतो. त्यामुळे ही इजा सर्व वयांत आढळते. हाड जुळले तरी पकड, मनगटाची हालचाल आणि बोटांची लवचीकता परत आली नाही, तर उपचार अपुरा ठरतो. हाताच्या कामावर उपजीविका असणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

रचना

प्रकोष्ठात दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे हाड रेडियस व करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत असून ती अस्थिबंधांनी एकमेकांशी बांधलेली असतात. भार मुख्यतः रेडियसवर येत असल्याने तेच अधिक वेळा मोडते. मनगटाच्या लहान हाडांपैकी अंगठ्याच्या मुळाशी असलेले नौकेच्या आकाराचे स्कॅफॉइड सर्वांत जास्त वेळा मोडते.

प्रकार व निदान

डब्लिन येथील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये रेडियसच्या खालच्या टोकाच्या अस्थिभंगाचे वर्णन केले. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागला नव्हता. या प्रकारात मोडलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो आणि मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. उतारवयातील स्त्रियांमध्ये अस्थिसुषिरतेमुळे (हाडे ठिसूळ झाल्यामुळे) साध्या पडण्यानेही हे हाड मोडते. अशी इजा पुढे खुब्याचे किंवा मणक्याचे हाड मोडण्याची पूर्वसूचना मानली जाते.

स्कॅफॉइडचा अस्थिभंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कधी कधी दिसत नाही व इजा ‘मुरगळणे’ समजून सोडून दिली जाते. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील बाजूने होतो. त्यामुळे ते मधोमध मोडल्यास प्रकोष्ठाकडील तुकडा रक्ताविना मृत होण्याचा धोका असतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात.

उपचार

प्लास्टर : डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस माथेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्लास्टरच्या पट्टीचा वापर रूढ केला. भूल देऊन, हात ताणून हाड जागेवर बसवतात आणि प्रौढांमध्ये सुमारे पाच ते सहा आठवडे प्लास्टर ठेवतात. सुरुवातीस सूज वाढत असल्याने हाताभोवती पूर्ण वेढा न देता एका बाजूने आधार देणारे प्लास्टर अनेकदा पसंत केले जाते. मुलांचे हाड लवकर जुळते व थोडा बाक वाढीबरोबर सरळ होऊ शकतो.

तारा : बसवलेले हाड पुन्हा सरकण्याची शक्यता असल्यास त्वचेतून पोलादी तारा घालतात. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांच्या नावावरून त्यांना ‘के-वायर’ म्हणतात. हाड जुळल्यावर त्या काढून टाकतात.

बाह्य स्थिरीकरण : हाडात घातलेल्या पिना किंवा तारा शरीराबाहेरील दांड्यांना जोडतात. सांधा ताणून धरला की अस्थिबंधांच्या ओढीने तुकडे जागेवर येतात. जखम उघडी व मातीने दूषित असेल, तेव्हा हाडाभोवती धातू न बसवता जखम धुता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. मुंबईचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. बी. बी. जोशी यांनी तारा, लहान जोडण्या व दांड्या यांवर आधारित ‘जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम’ म्हणजे ‘जेस’ ही पद्धती विकसित केली. हात व मनगटाच्या इजांबरोबरच मुलांच्या जन्मजात वाकड्या पावलांसाठीही ती वापरली जाते.

पट्टी व स्क्रू : सांध्याचा पृष्ठभाग फुटला असेल तर शस्त्रक्रियेने तुकडे जुळवून तळहाताच्या बाजूने पट्टी बसवतात. ज्या पट्टीत स्क्रूचे डोके आटे पाडून घट्ट बसते, ती ठिसूळ हाडातही चांगला आधार देते. या पट्ट्यांचा वापर २००० नंतर वाढला. स्कॅफॉइडसाठी ऑस्ट्रेलियाचे टिमोथी हर्बर्ट यांनी डोके नसलेला स्क्रू प्रचारात आणला. तो हाडात पूर्ण बुडत असल्याने सांध्याला घासत नाही.

सातारा व सांगली परिसर

पुणे–बंगळूर महामार्ग सातारा व कराडवरून जातो, तर कृष्णा–वारणा खोऱ्यात ऊसशेती मोठ्या प्रमाणात आहे. रस्ते अपघातांप्रमाणेच गुऱ्हाळातील चरक, मळणी यंत्र व कडबाकुट्टी यांत हात सापडून होणारे उघडे अस्थिभंग शेतीप्रधान भागात चिंतेचा विषय असतात. अशा वेळी हाड जोडण्याइतकेच जखम स्वच्छ करणे आणि धनुर्वातप्रतिबंधक लस देणे तातडीचे असते.

मिरज येथे विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. रेल्वे जंक्शनमुळे दूरच्या गावांतून रुग्ण तेथे येऊ लागले व मिरज वैद्यकीय केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मिरजचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी अस्थिरोगशास्त्रावरील ‘टेक्स्टबुक ऑफ ऑर्थोपेडिक्स अँड ट्रॉमा’ हा बहुखंडी ग्रंथ संपादित केला. सायबेरियातील गाव्रिल इलिझारोव्ह यांच्या वर्तुळाकार बाह्य स्थिरीकरण पद्धतीचा भारतात प्रसार करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

गुंतागुंत व पुनर्वसन

खेड्यांत आजही काही रुग्ण प्रथम हाडवैद्याकडे जाऊन बांबूच्या कांबी बांधून घेतात. बांधणी घट्ट असेल तर आतील सूज रक्तवाहिन्यांवर दाब आणते. हा धोका घट्ट प्लास्टरमध्येही तितकाच असतो. बोटे बधिर, थंड किंवा निळसर होणे, ती सरळ करताना असह्य वेदना होणे, ही लक्षणे दिसताच बांधणी त्वरित सैल करून रुग्णालयात जाणे आवश्यक असते. काही तासांचा विलंब स्नायू कायमचे निकामी करू शकतो व प्रसंगी हात गमवावा लागतो.

हाड वाकडे जुळणे, मनगटातील मज्जातंतूवर दाब येणे, अंगठ्याची कंडरा तुटणे, पिनांच्या जागी जंतुसंसर्ग होणे आणि हात दीर्घकाळ ताठर व वेदनामय राहणे, या इतर गुंतागुंती होत. त्या टाळण्यासाठी पहिल्या दिवसापासून हात उंच ठेवतात आणि बोटे, कोपर व खांदा हलवत राहण्यास सांगतात. प्लास्टर काढल्यावर मनगटाचे व्यायाम सुरू होतात आणि पूर्ण ताकद परत येण्यास अनेक महिने लागू शकतात.